फुलोऱ्याखालच्या पुड्या

कंधारच्या बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीत बसून कुणी मान वर केली, की त्याला मी दिसायचे. हातात चेंडू, गळ्यात हार, खाली मोठ्या अक्षरांत 'कंधारची वाघीण', आणि माझ्या चारी बाजूंनी गावातल्या यच्चयावत पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो. ते बॅनर आधी चौकात लागलं होतं. माझी भानगड पेपरात आली आणि दुसऱ्याच दिवशी ते उतरलं. टपरीवाल्यानं ते उचलून नेलं आणि श्रावणात छप्पर गळतंय म्हणून वरून बांधलं, छापील बाजू आत करून. त्याला मी कधी काही बोलले नाही. सगळ्या गावात माझा काहीतरी उपयोग करून घेणारा तो एकटाच निघाला.

मी बेसबॉल खेळते. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणजे क्रिकेटच ना? नाही. क्रिकेट नाही. हा खेळ आमच्या शाळेत आला तो खेळाच्या सरांमुळं. ज्या खेळाला जिल्ह्यात संघ कमी, त्यात आपल्या पोरी लवकर वर जातील, असा सरांचा सरळ विचार होता. चार जुने ग्लोव्ह, एक बॅट आणि शिवण उसवलेले सहा चेंडू, एवढ्यावर त्यांनी सुरुवात केली. मला पिचर केलं, म्हणजे चेंडू फेकणारी, कारण शाळेमागच्या चिंचेवर माझा दगड कधी वाया जात नाही हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. पुढं नांदेडच्या संघात गेले, तेव्हा आठवड्यातून चार दिवस एसटीनं सरावाला जायचे. कंडक्टर माझी पिशवी बघून रोज विचारायचा, "आज काय फोडायला निघालीस?"

अंगानं मी काडी होते. घरातही आणि संघातही हेच नाव. मला त्याचं काही वाटत नव्हतं. चेंडू दंडानं फेकला जात नाही, तो पायातून निघतो, कमरेतून फिरतो आणि मनगटातून सुटतो. हे सरांनी मला शिकवलं होतं आणि मला ते पटलं होतं. आईला पटायचं काही कारण नव्हतं. तिच्यासाठी मी चोवीस वर्षांची, लग्नाची, हडकुळी मुलगी होते.

त्या वर्षी लातूरचं स्थळ आलं. माझ्या आत्यानं आणलं होतं, ती लातुरात दिलेली. मुलगा शिक्षक, घरचं बरं. ती माणसं आली, पोहे खाल्ले, मला दोन प्रश्न विचारले आणि गेली. मग आत्याचा फोन आला. मुलगी पसंत आहे, पण अंगात काहीच नाही, जरा भरू द्या, उन्हाळ्यात परत बघू. मी चिडले. म्हशीच्या बाजारात म्हणतात तसं म्हणताय, असं आईवडिलांच्या तोंडावर म्हणाले. आई काहीच बोलली नाही. आमची आई गप्प बसली की तिनं काहीतरी ठरवलेलं असतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी सरावाहून आले की हळदीचं दूध यायला लागलं. खेळून दमतीस, पी, म्हणायची. मी प्यायचे. महिन्याभरात मला राक्षसासारखी भूक लागायला लागली. गाल आले. चपलेचे पट्टे रुतायला लागले. उन्हाळ्यात लातूरकर परत आले तेव्हा मुलाची आई माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाली की आता कशी दिसते बघा. दसऱ्याला कुंकू लावायचं ठरलं. आमच्याकडं लग्न पक्कं करायचं म्हणजे मुलाकडच्यांनी येऊन मुलीला कुंकू लावायचं, साडी द्यायची. आई त्या दिवशी किती हसत होती ते मला अजून दिसतं.

मैदानावर मात्र सगळं उलटं चाललं होतं. माझा चेंडू हळू झाला होता. सर म्हणाले, "पाय जड पडून राहिलेत तुझे. काय झालंय?" राष्ट्रीय स्पर्धेला गेलो, तिथं उपांत्य सामन्यात समोरच्या पोरींनी माझे चेंडू असे झोडपले की मला डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या आमच्या बाकावर, येऊन तोंडावर टॉवेल घ्यावा लागला. आम्ही तिसरे आलो. त्याच संध्याकाळी ओळखपत्रं घातलेल्या दोन बाया आल्या आणि लघवीचा नमुना द्यायचा म्हणून मला घेऊन गेल्या. एक बाई दार उघडं ठेवून समोर उभी राहिली. लाज वाटली, पण खरं सांगते, आतून थोडी ऐटही वाटली. असली तपासणी मोठ्या खेळाडूंची करतात असं मी ऐकलं होतं.

गावात परतले तेव्हा हलगी लावून मिरवणूक काढली. ते बॅनर तेव्हाचं.

पत्र आषाढात आलं. इंग्रजीत होतं. सरांनी वाचलं, परत वाचलं, मग चष्मा काढून पुसला. माझ्या नमुन्यात स्टिरॉइड सापडलं होतं. आजपासून खेळायचं नाही, मेडल परत पाठवायचं, आणि हे अंगात कसं आलं ते लेखी कळवायचं. समाधानकारक उत्तर नसेल तर चार वर्षांची बंदी. पिचरच्या आयुष्यात चार वर्षं म्हणजे काय, हे सरांना मला समजावून सांगावं लागलं नाही. उत्तराची मुदत गणपती उठायच्या सुमारास संपत होती.

मी त्यांना सांगितलं की मी काही घेतलेलं नाही. त्यांनी एकदाच विचारलं, खरंच? मी म्हणाले, खरंच. त्यांनी परत कधीच विचारलं नाही. असा विश्वास ठेवणारी माणसं त्या पावसाळ्यात मला फार भेटली नाहीत, म्हणून हे लिहून ठेवते.

आठ दिवसांत पेपरात आलं. मग काय विचारता. शाळेच्या दर्शनी भिंतीवर गुणवंतांची यादी रंगवलेली होती, त्यातलं माझं नाव चुन्यानं पुसलं. चुना पातळ होता, पाऊस पडला की नाव परत वर यायचं, आणि शिपाई परत पुसायचा. संघाच्या मोबाइल ग्रुपमधून मला काढलं. पानटपरीवर ज्यांना बेसबॉलची बॅट कोणत्या बाजूनं धरतात हे ठाऊक नव्हतं, ते या विषयातले तज्ज्ञ झाले. कुणीतरी अमेरिकेतल्या बेसबॉलचा व्हिडिओ शोधून काढला. तिथं मोठमोठ्या पगारी खेळाडूंनी औषधं घेतली, चौकशी बसली, लोकांनी मैदानात त्यांच्या नावानं शंख केला, असा तो सगळा किस्सा. तो गावभर फिरला. खाली एकानं लिहिलं होतं, 'आपली बी त्यातलीच.' मला वाचून हसू आलं. त्या लोकांना करोडो मिळत होते, आणि मला नांदेडहून परत यायला शेवटची एसटी मिळाली तरी मी देवाचे आभार मानत होते.

आणि बोलत कोण होतं? ज्या तालुक्यात शंकरपटाच्या बैलाला पळायच्या आधी काय टोचतात हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे, ते. भरतीच्या आदल्या दिवशी पोरांना सुई कुठं मिळते हे ज्यांना पाठ आहे, ते. जिमच्या दारात पावडरीचे डबे रचून ठेवणारे, ते. त्यांना माझ्यात पाप दिसलं. पोरानं घेतलं की ताकद, पोरीनं घेतलं की भानगड. एका पुढाऱ्यानं तर सांगितलं की त्याचा फोटो त्या बॅनरवर त्याला न विचारता छापला होता. बॅनरचे पैसे त्यानंच दिले होते, हे छापणाऱ्यानं मला स्वतः सांगितलं.

बायका घरी यायला लागल्या. सांत्वनाला म्हणे. पोरीनं काय खाल्लं होतं, हे आईला विचारायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. आई चहा करायची. तिच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही.

सरांनी मला एक काम लावलं. म्हणाले, तीन महिन्यांत तोंडात गेलेलं सगळं आठवून लिही, पाणीसुद्धा सोडू नको. मी वहीची तीन पानं भरली. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, नांदेडला सरावानंतर खाल्लेली भजी, डोकं दुखलं तेव्हाची गोळी, आत्यानं आणलेला पेढा. सर घरी आले आणि समोरच्या खोलीत बसून ती यादी मोठ्यानं वाचायला लागले. वडील खुर्चीत होते. आई दारात बसून तांदूळ पाखडत होती. सर वाचत वाचत 'संध्याकाळचं दूध' इथं आले.

"दुधात काय असायचं?" त्यांनी विचारलं.

"हळद," मी म्हणाले.

आईच्या हातातलं सूप थांबलं. कुणी तिला काही विचारलं नव्हतं. ती सुपाकडंच बघत म्हणाली, "हळदीसंगं गोळी बी व्हती."

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे डॉक्टर बसतात. पिढ्यान्‌पिढ्यांचे. चांगला माणूस, कुणाला परत पाठवत नाही. ते औषध पाकिटात देत नाहीत, जुन्या कॅलेंडरची पानं फाडून त्याच्या पुड्या बांधतात. त्यामुळं प्रत्येक पुडीवर कुठली तरी तारीख असते, कुठं चतुर्थी, कुठं अमावास्या. त्यांच्याकडं अंग भरायची गोळी मिळते. लग्नाच्या मुलीला तीन-चार महिने दिली की गाल वर येतात, दंड भरतात, आणि बघायला येणारे खूश होतात. हे आमच्याकडं गुपित नाही आणि उघडही नाही. बाई बाईला सांगते. आईलाही शेजारणीनंच सांगितलं होतं. मी ऐकणार नाही म्हणून ती गोळी चुरून दुधात घालत होती.

त्या दिवशी आईला मी काय बोलले ते लिहितेच, कारण लपवायचं असेल तर आठवणी लिहायच्या कशाला. मी म्हणाले, तू मला इकायला काढलेल्या म्हशीसारखं चारलंस. म्हणाले, तू माझा हात तोडला असतास तर बरं झालं असतं. आणि अजून एक बोलले, ते मात्र इथं लिहवत नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की तिला ती शक्तीची गोळी वाटली, सगळ्याच देतात. सगळ्याच देत होत्या, हे खरंच होतं. मला राग त्याचाच आला. ज्या गोळीनं मी हळू झाले, जिच्यामुळं मला सामन्यात झोडपलं, त्याच गोळीसाठी गाव मला वेगाची चोर म्हणत होतं.

सर डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर म्हणाले, मी जीवनसत्त्वं देतो, बाकी काही नाही, आणि लिहून तर काहीच देणार नाही. पुडीवर ना नाव ना गाव, त्यांना कोण धरणार? सरांनी मग रस्ता सांगितला. एकच होता. आईनं शपथेवर लिहून द्यायचं की तिनं दिली, मला माहीत नव्हतं. तुरीच्या डाळीच्या डब्यात पाच पुड्या उरल्या होत्या, त्यातली एक सोबत पाठवायची. मग कदाचित शिक्षा कमी होईल.

वडील म्हणाले, "दसऱ्याला कुंकू हाय. तवर कागद करायचा न्हाई."

ते चुकीचं बोलत होते असं आज मला म्हणवत नाही. असा कागद झाला की तो गावाला कळणार, गावाला कळला की लातूरला. गोळ्या चारून भरवलेली मुलगी म्हणून माझं नाव होणार, आणि ज्या घरांत त्या पुड्या होत्या ती सगळी घरं आमच्यावर उठणार. पण दसऱ्यापर्यंत थांबलं तर मुदत जाणार होती. सर माझ्याकडं बघत होते. मी सांगितलं की मी आईचं नाव लिहिणार नाही. तिला लिहायचं असेल तर तिनं लिहावं, नाहीतर चार वर्षं मला चोर म्हणू द्या. यात मोठेपणा काही नव्हता. मला तिला शिक्षा करायची होती.

त्यानंतर आम्ही दोघी एका घरात राहून बोललो नाही. ती रोज संध्याकाळी दूध ठेवायची, नुसतं, हळदसुद्धा न घालता. मी पीत नव्हते. सकाळी ते मांजराला जायचं. मांजर मात्र छान भरलं.

मग महालक्ष्म्या आल्या. गणपतीत तीन दिवस आमच्याकडं महालक्ष्म्या बसतात. दोघी बहिणी, साड्या नेसवलेल्या, मुखवटे चढवलेले. वर फुलोरा टांगतात, करंज्या, पापड्या, वेणी-फणी. पुढं आरास मांडतात. फराळाची ताटं, फळं, आणि घरात जे काही मिरवण्यासारखं असेल ते. कुणाच्या आराशीत मुलाची ट्रॉफी असते, कुणाच्या आराशीत सुनेनं विणलेलं तोरण. त्याच्या मागच्या वर्षी आमच्या आराशीत मधोमध माझं राज्यस्पर्धेचं मेडल होतं आणि बायका ते हातात घेऊन बघत होत्या. या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेचं मेडल तिथं असायचं. ते मी स्पीडपोस्टनं परत पाठवलं होतं.

पूजेच्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक झाला, सोळा भाज्या झाल्या, आंबील झाली. दुपारनंतर हळदी-कुंकवाला बायका येणार होत्या. येणारच होत्या, त्यांना महालक्ष्म्यांबरोबर मलाही बघायचं होतं. मी आतल्या खोलीत दार लोटून बसायचं ठरवलं होतं. आईनं दार उघडलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "भाईर ये. लपायचं काम तुझं न्हाई."

बाहेर आले तर वडील आराशीपुढं उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. मधोमध, जिथं मेडल असायचं, तिथं स्टीलचं ताट होतं. ताटात चार पुड्या सोडून ठेवलेल्या होत्या. कॅलेंडरचा कागद, लाल-काळ्या तारखा, आणि त्यावर पांढऱ्या बारीक गोळ्या. ताटाला तिनं हळद-कुंकूही वाहिलं होतं. वडील हळूच म्हणाले की देवापुढं असलं काही ठेवू नये. आई म्हणाली की देवापुढंच ठेवावं. पाचवी पुडी कुठं आहे हे मी विचारलं नाही, पण मला कळलं.

बायका आल्या. पंधरा-वीस तरी होत्या, खोली भरून गेली. आधी महालक्ष्म्यांना हात जोडले, साड्या बघितल्या, फुलोऱ्याचं कौतुक केलं. मग एकेकीची नजर ताटावर गेली आणि मागं आली. कुणी विचारीना. त्या पुड्या ओळखायला चष्मा लागत नव्हता. शेवटी आमच्या मागच्या गल्लीतल्या एका काकूंनी विचारलं. गावभर माझी बातमी पहिल्यांदा त्यांनीच नेली होती. म्हणाल्या, हे काय मांडलंय, वहिनी?

आई कुंकवाची वाटी घेऊन उभी होती. तिचा आवाज मोठा नव्हता.

"अंग भरायच्या गोळ्या हायत. ह्या म्या माझ्या लेकीला दुधातून चोरून दिल्या. तिला ठाव नव्हतं. पेपरात जी चोरी आली ती तिची न्हाई, माझी हाय. आता ज्या घरात असली पुडी न्हाई त्या घरच्या बाईनं तिला नाव ठिवावं. बाकीच्यांनी कुंकू लावून घ्यावं."

 काकूंच्या शेजारी त्यांची धाकटी मुलगी बसली होती. तिचंही माघात लग्न होतं. चंद्रासारखा गोल चेहरा झाला होता पोरीचा, मागच्या वर्षी तो असा नव्हता. तिनं ताटाकडं बघितलं, मग आईकडं बघितलं. काकूंनी पदर पुढं ओढला. तीन-चार बायका आंबील न घेता उठल्या. बाकीच्यांना आईनं शांतपणे हळद-कुंकू लावलं, ओटी भरली. जाताना एकीनं मला दाराआड ओढलं आणि अगदी हळू विचारलं की तिच्या पोरीची गोळी अजून चालू आहे, बंद केली तर चालेल का. मी सांगितलं की मनानं एकदम बंद करू नका, नांदेडच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, पुडी घेऊन जा. ती बाई पंधरा दिवसांपूर्वी माझ्याकडं बघून पदराआड हसली होती. मला ते आठवलं, आणि तरीही मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आई आणि सर तहसीलला गेले. मीही गेले. झाडाखाली बसलेल्या टायपिंगवाल्यानं मजकूर तयार केला आणि वाचून दाखवला, की मुलीच्या आईकडून चुकून सदर गोळी दुधात पडली. आईनं त्याला थांबवलं.

"चुकून न्हाई. रोज दिली. रोज चुकून कसं व्हईल?"

तो म्हणाला, काकू, असं लिहिलं की बरं दिसतं. आई म्हणाली की बरं दिसावं म्हणूनच तर हे सगळं झालं. त्यानं कागद काढून परत टाइप केलं. आई चौथी शिकलेली. सही करताना तिनं जीभ दातात धरली होती आणि नाव ओळीच्या खाली उतरत गेलं. मी तिच्या मागं उभी होते. मला तिला माफ करायचं नव्हतं. पण तिच्या त्या वाकड्या सहीकडं बघून मला इतकं भरून आलं की मी तिथून बाजूला झाले आणि उसाचा रस मागवला.

आत्याचा फोन आला. लातूरकरांपर्यंत सगळं गेलं होतं. ते म्हणत होते की कुंकू लावू, पण आधी डॉक्टरचा रिपोर्ट द्या, औषधानं पुढं लेकरं व्हायला अडचण यायला नको. आईनं फोन माझ्याकडं दिला, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा केलं. मी म्हणाले, "देते की रिपोर्ट. पोराचा बी आना, संगंच बघू." स्थळ मोडलं आणि आत्या माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही. त्या दोन वर्षांत माझं काही अडलं नाही.

शिक्षा कमी झाली, माफ झाली नाही. सुनावणी सरांच्या लॅपटॉपवर झाली. सुनावणी घेणारे साहेब सभ्य होते. त्यांनी सांगितलं की आईनं दिलं हे आम्ही मानतो, पण खेळाडूच्या अंगात काय जातं याची जबाबदारी खेळाडूची. मी म्हणाले की आमच्या घरात आईनं दिलेल्या दुधाची पावती मागायची पद्धत नाही. सरांनी टेबलाखालून पाय मारला. दीड वर्षाची बंदी. ती मी काढली. संघाबरोबर सराव करायचा नाही असा नियम होता, म्हणून घरामागच्या भिंतीवर खडूनं चौकोन काढला आणि रोज त्यावर चेंडू मारले. भिंतीला टवके पडले. लोक यायचे, थांबायचे, बघायचे. बघू दिलं. आधी बॅनर बघायला थांबत होते, आता मला बघत होते, एवढाच काय तो फरक.

गाव सुधारलं असं कुणी समजू नये. डॉक्टरांकडं महिनाभर गर्दी कमी होती, मग परत झाली. ते आता पुड्या पांढऱ्या कागदाच्या बांधतात, त्यावर तारीख नसते. काकू माझ्याशी अजून बोलत नाहीत. त्यांच्या पोरीनं मात्र गोळी सोडली, तिनं मला स्वतः सांगितलं. शाळेच्या भिंतीवर माझं नाव परत रंगवलेलं नाही, पण पावसात ते अजून वर येतं आणि आताशा शिपायानं पुसायचं सोडलंय. मी सध्या लातुरात असते, त्याच लातुरात, भाड्याच्या दोन खोल्यांत. सकाळ-संध्याकाळ पोरींना बेसबॉल शिकवते. नवी पोरगी आली की तिच्या आईला मी पहिल्या दिवशी बोलावते आणि घरात काय काय देता ते विचारते. काही आया रागावतात. रागावू देत.

बंदी संपली तेव्हा मी अजून कंधारलाच होते, आणि त्यानंतरचा पहिला सामना लातुरात होता. मला पहाटेची एसटी धरायची होती. बूट बांधत होते तेवढ्यात आई आली, हातात पेला. दीड वर्ष मी त्या घरात दूध प्यायले नव्हते. चहा प्यायचे, ताक प्यायचे, पण दूध आलं की उठून जायचे. तिला ते माहीत होतं, मला ते माहीत होतं, आणि त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो.

तिनं पेला माझ्यापुढं केला नाही. आधी स्वतःच्या तोंडाला लावला आणि माझ्याकडं बघत निम्मा प्याली. आमच्या घरात उष्ट्याचं फार कडक. पोरांनी आईचं उष्टं खाल्लेलं तिला कधी चालायचं नाही, ताटातला घाससुद्धा ती देत नसे. ओठाला साय लागलेली तशीच ठेवून तिनं उरलेला पेला पुढं केला आणि म्हणाली, "आता पी."

मी प्यायले, सगळं. मग पिशवी उचलली आणि स्टँडकडं निघाले. टपरी उघडी होती, चहा पिणारे वर बघत होते आणि छपराच्या बॅनरवरची मी वरून त्यांच्याकडं बघत होते. त्या दिवशी लातूरच्या मैदानावर मी टाकलेला पहिला चेंडू कुणालाच दिसला नाही, तो नुसता कॅचरच्या ग्लोव्हमध्ये वाजला.